तिच्या माहेरचं जोतं

माझी बायको कार्तिकात गेली. धरण तेव्हा काठोकाठ भरलेलं होतं, म्हणून तिची हाडं मला वैशाखापर्यंत झाडाला टांगून ठेवावी लागली.

हा हट्ट माझा नव्हता, तिचा होता. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "मला पाण्यात सोडू नका. पाण्यानं माझं माहेर खाल्लं, आता मला नको खायला. मला आमच्या जोत्यावर न्या. चुलीपाशी खड्डा करा आन् तितं ठेवा."

मी म्हणालो, "अगं, जोतं उघडं पडाया मे म्हैना लागतो. तवर काय करू?"

"तवर टांगून ठेवा. सासरी एवढी वर्सं टांगलेलीच व्हते की."

असं बोलून हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मग दोन दिवस ती काही बोललीच नाही.

तिचं माहेर पवना धरणात गेलं. आमचं लग्न झालं तेव्हा गाव जागेवर होतं. पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली तीच शेवटची. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं. तिच्या बापानं त्याआधी घराची कौलं उतरवली, वासे काढले, दारं-खिडक्या बैलगाडीत घातल्या आणि वर माळावर नवं घर बांधलं. खालचं घडीव दगडाचं जोतं तेवढं राहिलं. ते कोण उचलणार, आणि कशाला?

पण पाणी सोडत सोडत उन्हाळा सरायला आला की धरण आटतं. मग नदी पुन्हा नदीसारखी दिसते, आपल्या जुन्या वाटेनं वाकडीतिकडी जाते, आणि दोन्ही बाजूंना भेगाळलेल्या गाळातून गाव वर येतं. देऊळ, विहीर, घरांची जोती. आमच्या बायकोचं माहेरपण तेव्हा. दिवाळीला नाही, पंचमीला नाही, भर वैशाखात. वर माळावर भावाचं घर होतं की. पण तिथं ती पाणी पिऊन निघायची. म्हणायची, "ते दादाचं घर. माझं खाली हाय."

पिशवीत केरसुणी, हळदकुंकू, भाकरी, पिठलं. होडीतून उतरली की थेट जोत्यावर. गाळ झाडायची, पाणी शिंपडायची, तीन दगड मांडून चहा करायची. मी जावई ना. जावयानं न बोलावता सासऱ्याच्या घरात पाय टाकू नये अशी आमच्याकडची रीत. म्हणून मी देवळाच्या पायरीवर बसून राहायचो. जोतं झाडून झालं की ती पदर डोक्यावर घेऊन बापाच्या जागी उभी राहायची आणि हाक मारायची, "या पाव्हणं, बाहेर का बसलाय? आत या." आत म्हणजे कुठं? ना भिंत ना छप्पर, डोक्यावर नुसतं ऊन. तरी मी वहाणा काढून चढायचो.

मी चौथी शिकलो. सगळी नोकरी रेल्वेच्या गँगमध्ये झाली, घाटात. रूळ, खडी आणि हातोडा. मला असल्या गोष्टींत काही कळत नाही. पण तिथं बसून खाल्लेली भाकरी मला घरच्या भाकरीपेक्षा जास्त गोड लागायची, हे खरं आहे.

तर ती गेली. सावडायच्या दिवशी मी हाडं नव्या मडक्यात भरली, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि मडकं दारातल्या करंजाला टांगलं. हाडं घरात नेत नाहीत, जमिनीवर टेकवत नाहीत. बेगडेवाडी स्टेशनकडे जाणारी वाट आमच्या दारावरून जाते. लोक तेव्हापासून वाट सोडून शेतातून जायला लागले. शेजारची म्हातारी तोंडावर बोलली, "भाऊ, सोडा की आता तिला. जीव घुटमळत आसंल."

"घुटमळू दे. तिनंच सांगितलंय."

माझी मुलगी तळेगावला असते, शाळेत शिकवते. ती दर रविवारी यायची आणि झाडाकडे न बघता घरात शिरायची. म्हणायची, "आबा, एका सकाळी नदीवर जाऊन येऊ. तासाभराचं काम आहे. लोक मला विचारतात."

"तुझी आई तासाभराचं काम न्हाई."

मग ती रडायची आणि मी बाहेर येऊन बसायचो. तिचंही बरोबर होतं. आईला असं वाऱ्यावर लोंबकळताना कोण बघेल? थंडीत मडक्यावर दव पडायचं. शिमग्याच्या वाऱ्यात ते गरगर फिरायचं आणि मी उठून धरून ठेवायचो. एकदा कावळ्यानं फडकं ओढलं. मी दगड मारला तो कावळ्याला लागला नाही, मडक्याला लागता लागता राहिला. 

वैशाखात भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. भाऊ मागेच वारला. हा पोरगा आता चाळिशीचा, तिकोणा पेठेच्या पुढं धरणाच्या काठाला, माळावरच्या त्याच घरात राहतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात, त्यांना तंबू देतो, होडीतून फिरवतो. म्हणाला, "मामा, पाणी उतरलंय. पण यंदा वळीव लवकर येतोय म्हंतात. न्यायचं आसंल तर आताच." मग म्हणाला, "न्हाईतर मामा, देवळापाशीच ठिवलं तर? देव हाय तितं."

मी म्हणालो, "तिनं देव न्हाई सांगितला. जोतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मी मडकं उतरवलं. शेजारच्या म्हातारीनं लांबूनच सांगितलं, "वाटंत तिला सांगत जा, न्हाईतर मागं ऱ्हाईल." म्हणून मी सांगत गेलो. "चल, गाडी आली." "आता कामशेत, उतरायचं." जीपमध्ये शेजारी बसलेला माणूस माझं बोलणं ऐकून आधी हसला, मग मांडीवरचं मडकं बघितलं आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

भाच्याच्या घरात मी गेलो नाही. हाडं घेऊन कुणाच्या घरात जायचं नसतं. रस्त्यावर आंब्याखाली उभा राहिलो. त्याच्या बायकोनं पाणी बाहेरच आणून दिलं आणि मडक्याकडे न बघता मागं फिरली. घराच्या कडेला नव्या खोल्या झालेल्या दिसत होत्या, पुढं ओटा, रंगरंगोटी. मी म्हणालो, "बरं बांधलंयस." तो म्हणाला, "चला मामा, ऊन चढतंय."

होडी फायबरची, निळी. तो वल्हवत होता, मी मडकं मांडीवर घेऊन समोर बसलो. पाणी इतकं खाली गेलं होतं की आम्ही नदीच्या जुन्या पात्रातूनच चाललो होतो. दोन्हीकडे गाळाचे काठ, माणसापेक्षा उंच, भाजलेल्या विटेसारखे. वारा नाही. पाण्यावरून ऊन उलटं तोंडावर येत होतं. वर तिकोणा, पलीकडे तुंग, दोन्ही किल्ले करपल्यासारखे काळे. काठावर कुठं जुन्या चिंचेचं खोड, कुठं विहिरीचं कडं, पाण्याच्या बाहेर नुसतं तोंड काढून बसलेलं. एका जागी शेतांचे बांध अजून तसेच होते. बांध कुणाचे ते सांगणारं आता कोणी नाही.

पहिल्यांदा मी तिच्याबरोबर आलो तेव्हा ती अशीच होडीच्या टोकाला बसून सगळं सांगत होती. हे अमक्याचं खळं, ही आमची पाणंद, हितं मला इंचू चावला. मी तेव्हा अर्धं ऐकलं असेल. तरणा होतो, मला भूक लागलेली. या वेळी मी मडक्याला म्हणालो, "सांग की." आणि भाचा वल्हं थांबवून माझ्याकडे बघायला लागला.

"काय न्हाई," मी म्हणालो. "तू वल्हव."

तो एरवी फार बडबड्या. माणसांना फिरवताना किल्ल्याच्या खऱ्याखोट्या गोष्टी सांगतो, गाणी म्हणतो. आज तसलं काही नाही. दोनदा म्हणाला, "मामा, ऊन लय हाय. देवळापाशीच उरकू." 

देऊळ लागलं. काळ्या दगडाचं, चुना नाही, दगडावर दगड. वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असतं तरी हललेलं नाही. त्याच्या बाजूला वीरगळ पडलेले आहेत, त्यावर गाईगुरं आणि ढाल-तलवारीची माणसं कोरलेली. कोण होते, कधी मेले, कुणाला माहीत. त्या दिवशी तिथं एक जोडपं फोटो काढत होतं. त्यातली मुलगी मला म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." मी बाजूला झालो. तिला काय माहीत माझ्या हातात काय आहे.

पायरीवर मी सवयीनं बसलो. मग लक्षात आलं की हाक मारायला कोणी नाही. उठलो आणि तसाच निघालो. भाचा मागून येत होता, पण अंतर ठेवून.

जोतं नव्हतं.

आधी वाटलं, मी चुकलो. गाळात सगळं सारखंच दिसतं. पण शेजारच्यांचं जोतं होतं, पलीकडचं सुताराचं होतं, पाणंदीचे दगड होते. आमच्या जागी चौकोनी चर होता, खणलेला, कडा अजून ताज्या. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे वाळून कडक झालेले. एकही घडीव दगड शिल्लक नाही. उंबऱ्याचा नाही, कोपऱ्याचा नाही. दात काढल्यावर हिरडी राहते तशी नुसती जागा.

मी मागं वळलो. भाचा खाली बघत उभा होता. मला विचारायचीही गरज पडली नाही.

"कधी?"

"म्हैना झाला. यंदा पाणी लवकर उतरलं."

"तूच?"

"मामा, तुमी ऐका तर. ती दगडं नुसती पडूनच व्हती न्हवं? काठावरची बंगलेवाली नेत्यात. सुताराच्या पल्याडची समदी नेली. बागंत लावत्यात, फरशी करत्यात. आपली बी नेली आसती. मग म्या म्हनलं, आपल्या घरची दगडं आपल्याच घराला लागू देत. त्या खोल्यांचं जोतं केलं, ओटा केला. आज्याची दगडं नातवाच्या घरात. वंगाळ काय केलं?"

"आत्याला इचारलंस?"

"आत्या व्हती कुटं इचारायला?"

"माझ्या दारात झाडाला टांगली व्हती. यायचं आन् इचारायचं."

 मला त्याला मारावंसं वाटलं. पण माझे दोन्ही हात मडक्यात अडकलेले आणि मडकं खाली ठेवता येत नव्हतं. माझ्या मनात आलं, तिनंच असं योजलं असेल, मी कुणावर हात टाकू नये म्हणून.

खरं सांगायचं तर त्याचं बोलणं खोटं नव्हतं. दगड घरातच गेले होते. तो चोर नाही. तिच्या भावाचा मुलगा आहे, तिनंच त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. तिचं माहेर पाण्यातून उचलून त्यानं वर कोरड्यात नेलं. पण जिथं माहेर गेलं तिथं हाडं नेता येत नाहीत आणि जिथं हाडं नेता येतात तिथं माहेर नाही. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दगड भरताना त्याला ती आठवली असेल की नाही, देव जाणे.

तो म्हणाला, "मामा, मग आसं करू. घराच्या मागं, गोठ्याच्या पल्याड..."

"तुझी बायको हाडं दारात येऊ देईल?"

त्यानं पायानं वाळल्या गाळाचं ढेकूळ चरात ढकललं.

"तिनं पाणी बाहेर आणून दिलं. बरोबर केलं. तुझ्या घरी न्हाई."

"मग देवळापाशी?"

"न्हाई."

"मग काय करायचं? मागं नेणार? परत झाडाला टांगणार?"

हे त्यानं रागानं विचारलं, पण विचारलं ते बरोबर. मला पुढच्या वैशाखापर्यंत जगायची खात्री नाही. मी मेलो तर मुलगी दुसऱ्याच दिवशी मडकं नदीत सोडून मोकळी होईल, तिचीही चूक नाही. आणि आभाळात पश्चिमेला ढग जमायला लागले होते.

मी चरात उतरलो आणि बसलो. म्हणालो, "एक दगड घेऊन ये."

"कुटनं आणू?"

"जिथं नेलास तिथनं."

"मामा, शिमिटात बसवलंय समदं. वर फरशी घातलीया."

"फोड."

"ओटा फोडू? सनवारी गिऱ्हाईक हाय. बायको मला जित्ता ठेवायची न्हाई."

"एक दगड. तिनं चुलीपाशी ठेवा म्हणून सांगितलं. चूल न्हाई, जोतं न्हाई, निदान एक दगड तरी त्या घरचा वर पायजे. तू आणंस्तवर मी हितनं उठत न्हाई."

"ऊन लागून मराल हितं."

"मग दोघांचं एकदमच करशील."

तो शिव्या घालत गेला. कुणाला घालत होता ते ऐकू आलं नाही. होडीचा आवाज लांब गेला. फोटोवालं जोडपंही गेलं. मग तिथं मी आणि ती.

एवढं ऊन मी घाटात रूळ तापलेल्या दिवसांतही खाल्लं नव्हतं. टोपी होती, पण घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मडकं एका कडेवर घेतलं की दुसऱ्या हातानं पुसायचो. चुलीची जागा शोधायला लागलो. खूण काहीच नाही. मग आठवलं, मी भाकरी खायला बसलो की तुंगचं टोक समोर असायचं आणि ऊन डाव्या कानावर, आणि ती माझ्या उजव्या हाताला बसून वाढायची. तसा बसून बघितलं. सरकलो. परत बसलो. तुंग समोर आला, कान तापायला लागला. उजव्या हाताला गाळच होता. तिथं बोटांनी उकरलं. काही निघालं नाही, ना राख ना कोळसा. इतक्या पावसाळ्यांत काय राहणार?

तिच्याशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. भांडलोही. म्हणालो, एवढं अवघड कशाला सांगून गेलीस? बाकीच्या बायका नदीत सुखानं जातात. तू आयुष्यभर काही मागितलं नाहीस, आणि मागितलंस ते असं.

सावली लांब व्हायला लागली तेव्हा होडी परत आली. भाचा एकटाच होता. दगड खांद्यावर घेऊन गाळातून येत होता, पाय रुतत होते, दम लागला होता. हातभर लांबीचा, काळा, चार बाजू घडलेल्या. त्यानं तो माझ्यासमोर टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"फोडला?" मी विचारलं.

"आणला न्हवं?"

मी दगडाकडे बघितलं. चारी बाजू बघितल्या. शिमिट कुठं लागलेलं नव्हतं. कण सुद्धा नाही. एका बाजूला शेवाळ वाळून चिकटलेलं होतं, आणि वाटेत शेवाळवाली जोती आम्ही कितीतरी मागं टाकली होती. पण बांधून उरलेला दगडही असाच दिसेल. ट्रॅक्टरमधून आणलेले सगळे थोडेच लागतात? दोन्ही होऊ शकतं. मी भाच्याच्या तोंडाकडे बघितलं. तो तुंगकडे बघत होता.

मी विचारलं नाही.

"खण," म्हणालो.

त्यानं हातानं आणि वल्ह्याच्या टोकानं खणलं. मी दाखवलेल्या जागी, कोपरभर खोल. मी फडकं सोडलं. हाडं हलकी असतात, फार हलकी. मी ती ओंजळीनं ठेवली, ओतली नाहीत. भाच्यानं माती ढकलली. वर दगड सरळ बसेना, तो गुडघ्यावर बसून बसवत राहिला, काढून खालची माती सारखी केली, परत बसवला. तेव्हा त्याचं नाक वाहत होतं आणि तो ते बाहीला पुसत होता. "आत्ये," एवढंच म्हणाला. मी मडकं दगडावर आपटून फोडलं, फोडायचं असतं म्हणून.

परत येताना वारा सुटला होता आणि पाण्यावर बारीक लाटा होत्या. माझा हात सारखा मांडीवर जात होता, मडकं धरायला.  काठ दिसायला लागला, त्याच्या खोल्यांची लाल कौलं दिसायला लागली, तेव्हा त्यानं वल्ही आत घेतली. होडी नुसती तरंगत राहिली.

"मामा," तो म्हणाला. "तो दगड..."

"गप," मी म्हणालो.

"न्हाई, पर तुमाला म्या खरं..."

"एक शब्द बोलू नको. वल्हव."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं वल्ही पाण्यात घातली.